मेजरांचा उलटा हात

मेजर माझ्या दुकानात शिरायचे ते आधी शटरला उलटा हात लावून. मग काउंटरच्या लोखंडी कडेला. मग कोपऱ्यातल्या फ्रीजला. उजव्या हाताची पालथी बाजू तीन ठिकाणी नुसती टेकवायची, "काय न्हाई" असं स्वतःशीच पुटपुटायचं आणि मग स्टूल ओढून बसायचं. दुकानात बसलेल्या नवख्या गिऱ्हाइकाला वाटे, या माणसाचं काहीतरी बिनसलंय. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं.

आमच्या वडूजकडे फौजेतून रिटायर होऊन आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात. तो फौजेत नाईक होता की स्वयंपाकी, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. एकेका गल्लीत तीन-तीन मेजर सापडतात, त्यातला एक दूध घालत असतो. आमचे हे मेजर, म्हणजे हणमंतराव, सतरा वर्षं फौजेत तारा ओढून आले आणि गावी येऊन परत तारा ओढायला लागले. आधी वायरमनचं लायसन काढलं, मग कॉन्ट्रॅक्टरचं. कॉन्ट्रॅक्टर म्हटल्यावर डोळ्यांपुढे गाडी आणि गॉगल येतो. मेजरांकडे एक मोटरसायकल होती, तिला मागे बांधलेली शिडी होती आणि हाताखाली अडीच माणसं होती. अडीच म्हणजे तिसरा माणूस फक्त ज्वारीची सुगी संपल्यावर यायचा.

पेठेतलं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान माझ्या सासऱ्यांनी काढलेलं. नवरा शाळामास्तर, त्याला खडू सोडून कशात गोडी नाही. सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा मी काउंटरवर बसायला लागले. बाईमाणसाला होल्डर आणि सॉकेटमधला फरक काय कळणार, अशी पेठेत चर्चा झाली. मला तो खरंच कळत नव्हता, पण हे मी कुणाला कळू दिलं नाही. दुकानाचं रूप पालटायचं म्हणून मी दारातच एक चकचकीत बोर्ड उभा केला, स्टीलच्या चौकटीचा, त्यावर उघडझाप करणारे वीसेक दिवे. येणारेजाणारे बघायला थांबायचे. मी खूश होते.

तिसऱ्या दिवशी मेजर आले. पांढरा शर्ट, खाकी पँट, पायात पॉलिश केलेले काळे बूट. त्यांनी बोर्डाच्या चौकटीला उलटा हात टेकवला आणि झटकन मागे घेतला.

"ताई, तुमचा बोर्ड चावतोय."

"म्हणजे?"

"करंट उतरलाय चौकटीत. आता थोडा हाय. पावसाळ्यात लय मारंल." मग गुडघ्यावर बसून त्यांनी तारेचा माग काढला आणि मान हलवत उठले. "आर्थिंगची तार भितीला नुसती टेकवून ठिवलीया. दिव्याखाली अंधार म्हंत्यात ते ह्येच बगा."

मला राग आला. पण बोर्डावर पोरं हात ठेवून उभी राहत होती, हेही आठवलं आणि मी आधी बोर्डाचं बटण बंद केलं. मेजरांनी अर्ध्या तासात ते नीट केलं. तेवढ्यात एका चहावर मला आर्थिंग काय असतं ते समजलं. यंत्राच्या अंगावर चुकून उतरलेला करंट माणसाच्या अंगातून जाऊ नये, गुपचूप जमिनीत जावा, म्हणून त्याला काढून दिलेली पायवाट म्हणजे आर्थिंग. आणि उलट्या हाताचंही कोडं सुटलं. सरळ हात लावला आणि करंट असला, तर मूठ मिटते आणि माणूस चिकटतो. पालथा लावला तर हात मागं झटकला जातो.

"पण मीटर असतो की तपासायला," मी माझं नवं कोरं ज्ञान पाजळलं.

"आधी मीटरच. मीटर लावल्याबिगर नुसता हात लावणारा गाढव. माझ्या माणसान्लाबी मी हात लावू देत न्हाई." मग बशीतला चहा संपवून म्हणाले, "पर मीटर मी संध्याकाळी पिशवीत घालून घरी न्हेणार. त्या घरात मागं ऱ्हाणार त्ये हातच की न्हवं?"

त्यांच्या कामाचा शेवट ठरलेला असायचा. वायरिंग पुरं झालं की घरातल्या सगळ्यांना बोलवायचं. आधी मीटरनं सगळं बघायचं आणि आकडे कागदावर लिहायचे. मग एकेका वस्तूपाशी जायचं. मोटर, मिक्सर, फ्रीज, नळ, लोखंडी कॉट. प्रत्येक ठिकाणी उलटा हात टेकवायचा आणि म्हणायचं, "काय न्हाई. लावा हात." मग घरच्या बाईनं तिथं सरळ हात, अख्खा तळवा, लावायचा. नव्या सुना लाजायच्या, म्हाताऱ्या हळदीकुंकू घेऊन यायच्या. हे सगळं झाल्याशिवाय मेजर टेस्ट रिपोर्टवर सही करत नसत. आणि त्यांची सही झाल्याशिवाय वीज जोडून मिळत नसे, त्यामुळे घरातला कर्ता पुरुष दारात चुळबुळत उभा असायचा.

दुसरी खोड करदळीची. आर्थिंगसाठी खड्डा खणतात, त्यात कोळसा आणि मीठ घालून पत्रा पुरतात. आमच्या भागातला मुरूम उन्हाळ्यात हाडासारखा कोरडा पडतो. जमीन कोरडी पडली की ती करंट घेत नाही, पायवाट बंद. म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. पण कोण ओतणार? वीज आली की आर्थिंगची आठवण कुणाला राहते? यावर मेजरांनी शोधलेला उपाय असा, की खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याच्या वाटेवर घ्यायचा आणि त्याच्या कडेला करदळ लावायची. घरच्या बाईला सांगायचं, "वैनी, ही करदळ सुकली का समजायचं, तुमच्या घराचं आर्थिंग सुकलं. मग मला फोन करायचा न्हाई, कळशी वतायची."

त्यामुळे खटाव तालुक्यात मेजरांनी केलेलं घर रस्त्यावरून ओळखू येई. न्हाणीच्या कोपऱ्याला लाल नाहीतर पिवळी करदळ. एका गावात एका नव्या बंगल्याचे मालक वास्तुशास्त्राचं पुस्तक घेऊन आले आणि म्हणाले, खड्डा ईशान्येलाच हवा. मेजरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ईशान्येला देव बसवा, मालक. करंटाला दिशा कळत न्हाई, त्येला ओल कळती." त्याच मालकांनी पुढे दोन वर्षांनी अंगण फरसबंदी करताना करदळ उपटून टाकली. मेजर मोटरसायकलवरून जाताना त्यांना कोपरा मोकळा दिसला. ते तसेच आत गेले आणि बंगल्यातल्या वहिनींना त्यांनी अशी काही दमदाटी केली, की मालक माझ्याकडे तक्रार घेऊन आले. मी म्हटलं, तुम्ही करदळ लावा, मी मेजरांना समजावते. करदळ लागली. समजावलं मात्र कुणी कुणाला नाही.

एवढं सांगितल्यावर मेजर म्हणजे गुणांचा पुतळा वाटायला लागतील, तर तसं नव्हतं. लहान कॉन्ट्रॅक्टरचे सगळे अवगुण त्यांच्यात होते. फोन उचलायचे नाहीत. एक घर हातात असलं की दुसऱ्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. एकाच्या पोरीचं लग्न तोंडावर आलं तरी यांचं वायरिंग चालूच. शेवटी मांडवात भाड्याचा जनरेटर धडधडला आणि वधूपिता वरातीपेक्षा मोठ्या आवाजात मेजरांचा उद्धार करत होता. मेजर त्याच लग्नात पंगतीत बसून शांतपणे बुंदी खात होते. मी नंतर बोलले तर म्हणाले, "अर्धं काम चालू करून दिलं असतं, तर आज लगीन झालं असतं आन् उद्या काय झालं असतं?" त्यांचं खरं असेल, पण म्हणून त्या बापाचा राग खोटा ठरत नाही.

दुकानाच्या काउंटरवरून कॉन्ट्रॅक्टरांच्या दोन्ही जाती मला रोज दिसायच्या. लहान कॉन्ट्रॅक्टर स्वतः यायचा, बाकड्यावर बसायचा, चार मीटर वायरसाठी चाळीस मिनिटं घ्यायचा आणि जाताना अख्ख्या घराची हकीकत सांगून जायचा. मोठ्या कॉन्ट्रॅक्टरचा फक्त फोन यायचा. यादी मोबाइलवर यायची, माल टेम्पोत चढायचा. एकदा मी टेम्पोबरोबर आलेल्या सुपरवायझरला सहज विचारलं, हे काम कुणाचं? तो म्हणाला, "बी विंग." लहान कॉन्ट्रॅक्टरला घरच्या कुत्र्याचं नाव माहीत असतं, मोठ्याला मालकाचंही ठाऊक नसतं, असं मी तेव्हा हसून म्हणायची. पण खरं सांगायचं तर मला टेम्पोच आवडायचे. टेम्पो दारात उभा राहिला की पेठ बघायची.

म्हणूनच पुढे जे झालं, त्यात माझा हात आहे.

सांगलीच्या एका मोठ्या कॉन्ट्रॅक्टरला सातारा रस्त्यावर एका कॉलेजच्या वसतिगृहाच्या तीन इमारतींचं काम मिळालं होतं. त्यांना इथला, लायसन असलेला, भरवशाचा पोटकंत्राटदार हवा होता. त्यांनी मला विचारलं. मी मेजरांचं नाव सांगितलं. मेजर नको म्हणाले.

"तीन इमारती म्हंजी लय झालं, ताई. मला एक घर पुरतंय."

"मेजर, किती दिवस न्हाणीकडेचे खड्डे खणत बसणार?" मी म्हटलं.

हे वाक्य मी हसत हसत म्हटलं होतं. त्यांना ते लागलं. दोन दिवस ते दुकानात आले नाहीत, तिसऱ्या दिवशी आले ते हो म्हणायला. मला वाटलं, मी एका माणसाचं भलं केलं.

मेजर मोठे झाले. वीस माणसं आली, जुनी का होईना जीप आली. त्यांची बायको, आमच्या काकी, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून औंधच्या यमाईला जाऊन आल्या आणि मला प्रसाद देताना त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मीही फुशारले. मेजरांचा फोन आता सारखा वाजायचा आणि ते तो उचलायचेही. दुकानात यायचे ते उजव्या हातात फोन धरून, कानाला लावून, बोलत बोलत. शटरला हात लावायला हातच मोकळा नसे. हे मला दिसलं होतं. पण त्याचा अर्थ लावायची गरज मला वाटली नाही. माझ्या दारात टेम्पो उभा होता.

वसतिगृहाचं उद्‍घाटन ठरलं. पत्रिका छापून झाल्या. तेव्हा एका दुपारी सांगलीच्या कॉन्ट्रॅक्टरचा माणूस टेस्ट रिपोर्टचा गठ्ठा घेऊन माझ्याच दुकानात आला, कारण मेजर तिथं माल घ्यायला आले होते. अकरा कागद होते, एकेका खड्ड्याचा एक. सगळ्यांवर आकडे आधीच भरलेले.

मेजरांनी बरोबर आलेल्या आपल्या मुकादमाला विचारलं, "मीटर लावलावता का रं समद्या खड्ड्यास्नी?"

"व्हय की, मेजर."

"तू सवता?"

"माणसं हुती की आपली."

मेजरांनी गठ्ठा एकदा चाळला. पेन शोधायला त्यांनी खिसा चाचपला. मी काउंटरवरचं माझं पेन पुढे केलं. अकरा सह्या झाल्या. त्यांनी टोपण लावून पेन मला परत दिलं आणि चहा न घेता गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते चहाशिवाय गेले.

चैत्रात, पहिल्याच उन्हाळ्यात, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शेवंताबाईंना झटका बसला. शेवंताबाई म्हणजे तिथल्या स्वयंपाकीण, जवळच्याच वस्तीवरच्या. पहाटेचा चहा टाकायला त्यांनी पाणी तापवायच्या टाकीचा नळ सोडायला हात घातला आणि मूठ मिटली. बरोबरची बाई हुशार, तिनं लाकडी लाटण्यानं त्यांच्या मनगटावर जोरात मारलं म्हणून सुटका झाली. मनगट मोडलं, हातातल्या बांगड्या फुटून रुतल्या, पण जीव वाचला. टाकीतली पाणी तापवणारी कांडी फुटून करंट पत्र्यावर उतरला होता. अशा वेळी लाइन आपोआप पाडणारी एक डबी असते, ती सारखी पडते म्हणून मेजरांच्याच कुणा माणसानं काम अडू नये यासाठी बाजूला करून तार थेट जोडली होती. आणि खड्डा उकरला तेव्हा त्यात ना कोळसा होता ना मीठ. कोरड्या मुरमात हातभर पाइप नुसता ठोकलेला होता. वरून सिमेंटचं झाकण मात्र देखणं होतं.

मेजर तिथं पोहोचले तेव्हा सांगलीच्या कॉन्ट्रॅक्टरची माणसं आलेली होती. ती वाईट माणसं नव्हती. दवाखान्याचं सगळं त्यांनीच केलं, सगळे खड्डे नव्यानं करून द्यायलाही ती तयार होती. ती एवढंच म्हणत होती, की डबी कुणी बाजूला केली हे सांगता येत नाही, वसतिगृहाच्याच कुणीतरी नंतर केलं असेल, तसं लिहून देऊ, म्हणजे मेजर, तुमचं लायसन वाचेल. मेजरांनी ऐकून घेतलं आणि सरळ दवाखान्यात जाऊन शेवंताबाईंच्या कॉटपाशी उभे राहिले.

"सही माझी हाय," ते म्हणाले.

शेवंताबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

हे मला काकींनी सांगितलं. मी दवाखान्यात गेले नव्हते, माझी हिंमत झाली नाही. वीज खात्यातल्या वरिष्ठांनी मेजरांचं लायसन वर्षभर रोखून धरलं. वीस माणसं पांगली, जीप गेली. मेजरांनी सगळं कबूल केलं होतं, त्यामुळे वादच नव्हता. महिन्याभरानं ते दुकानात आले, शटरला उलटा हात लावला, काउंटरला लावला, फ्रीजला लावला आणि स्टुलावर बसले. मला रडू आलं. मी म्हटलं, "मेजर, चूक माझी. मीच तुम्हाला त्या मोठ्या कामात ढकललं."

"न्हाई ताई. मोठं काम वाईट नसतंय. मोठ्या कामाला मोठी माणसं हायती, ती कागदावर सगळं नीट करत्यात. त्येंनी माझ्यावर इस्वास टाकला, मी मुकादमावर टाकला, मुकादमानं आणि कुणावर." मग त्यांनी आपला उजवा हात पुढे पसरून त्याच्याकडं बघितलं. "माझा हात तेवढा लांब न्हाई. एवढंच."

वसतिगृहाचे अकरा खड्डे त्यांनी आपल्या अडीच माणसांना घेऊन स्वतः पुन्हा खणले. तेवढ्यापुरतं कॉलेजनं कुठल्याशा दुसऱ्या लायसनदाराला देखरेखीला उभं केलं होतं. तो सावलीत बसून बघायचा आणि संध्याकाळी म्हणायचा, "मेजर, तुमच्यावर मी काय देखरेख करू?" अकरा खड्ड्यांना अकरा करदळी लागल्या. पण खरी अडचण पुढेच होती. शेवंताबाई हात बरा होऊन कामावर आल्या आणि नळाला हात लावेनात.

पोराबाळांचं पोट त्या नोकरीवर होतं. त्या रोज यायच्या, भाकरी थापायच्या, भाजी चिरायच्या. पण नळ, टाकी, मिक्सर, फ्रीज यातल्या कशाला शिवायच्या नाहीत. नळ फिरवायला लाकडी उलथनं वापरायच्या. वसतिगृहातली मुलं हसायची. रेक्टरांनी दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा सांगितलं, असं असेल तर दुसरी बाई बघावी लागेल. ही गोष्ट मेजरांच्या कानावर गेली.

दुसऱ्या दिवसापासून मेजर रोज सकाळी सहाच्या आत वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात हजर. घरापासून मोटरसायकलवर चांगला अर्धा तास. आत यायचं, मीटर काढायचा, टाकी बघायची. मग उलटा हात टाकीला, नळाला, मिक्सरला, फ्रीजला, लोखंडी टेबलाला. "काय न्हाई. लावा हात." शेवंताबाई पाठ करून कांदा चिरत राहायच्या. मेजर मीटर पिशवीत घालून निघून जायचे. रविवार नाही, सण नाही. काकी म्हणायच्या, "आवं, देवाला तरी एवढं रोज जाता का?" मेजर बुटांचे बंद बांधून निघायचे.

आठवड्यानं शेवंताबाई त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात ओट्यावर एक कप चहा झाकून ठेवलेला असायचा. एके दिवशी त्यांनी विचारलं, "तुमाला भ्या वाटत न्हाई?"

"वाटतंय की," मेजर म्हणाले. "म्हनून तर उलटा लावतोय."

त्यानंतर कधीतरी, आषाढ लागला होता, मेजरांची मोटरसायकल वाटेत पंक्चर झाली. ते ढकलत ढकलत आठला पोहोचले. स्वयंपाकघरात चहा उकळून मुलांना वाटूनही झालेला. उलथनं खिळ्याला टांगलेलं. शेवंताबाई नळाखाली सरळ हातानं पातेली विसळत होत्या.

"आज कोण आलंवतं बघायला?" मेजरांनी विचारलं.

"कोन न्हाई. मीच उलटा हात लावून बगितला. काय न्हाई." आणि मग पातेलं पालथं घालत म्हणाल्या, "आता नका येत जाऊ येवड्या लांब. म्हातारं मानूस तुमी."

तिथून मेजर थेट माझ्या दुकानात आले. हात लावायचे ते सगळे लावून झाले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ताई, माझी नौकरी गेली आज." हसत होते आणि डोळे पुसत होते. मी त्यांना चहा दिला, तो त्यांनी बशीत न ओतता कपातूनच प्यायला.

लायसन परत मिळाल्यावर मेजरांनी पुन्हा घरं केली. एका वेळी एकच घर. सांगलीच्या कॉन्ट्रॅक्टरनं नंतर दोनदा निरोप धाडला, त्यांच्या मनात मेजरांबद्दल मान होता. मेजरांनी दोन्ही वेळा माझ्या दुकानातून फोन करून आदरानं नाही म्हटलं. आता तर आमच्या भागातही सोसायट्या झाल्यात, चांगली कामं होतात, खड्ड्यात तयार पावडर घालतात, पाणी ओतावं लागत नाही म्हणतात. मी तोच माल विकते. वाईट नाहीच तो. तरी एखाद्या वसाहतीवरून जाताना माझी नजर न्हाणीच्या कोपऱ्याकडे जाते आणि करदळ दिसली नाही की मला उगाच चुकल्यासारखं होतं.

मेजरांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, दिवाळीनंतर. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली होती. मी भेटायला गेले तेव्हा सोप्यात लोखंडी कॉटवर भिंतीला टेकवून त्यांना बसवलं होतं. जीभ जरा जड झालेली, पण शब्द कळत होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"टेस्टर गेला, ताई," ते म्हणाले. "चटका कळंना, गार कळंना. काय बी कळंना त्येला."

काकी दारात पदरानं डोळे टिपत होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हात चालत न्हाई ह्येचं काय न्हाई गं. डावा चांगला हाय की. पर कशालाच हात लावंनात. ताट न्हाई, पेला न्हाई, कॉटाची कड न्हाई. मीच भरवायचं. पानी बी मीच पाजायचं. ल्हान पोरासारकं हुतंय, त्येंनाच लाज वाटती."

मला काय करावं सुचेना. मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे धरला. स्टीलचा साधा पेला. मेजरांनी त्याच्याकडे बघितलं, मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघितलं आणि मान हलवली. आयुष्यभर आधी जो हात पुढे जायचा, तो आता जात नव्हता, आणि त्याच्या आधी डावा हात पुढे करायला त्यांचं मन तयार नव्हतं. मी पेला तसाच धरून उभी राहिले. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याकडून एवढं सगळं शिकले, पण मला ते सुचलं नाही.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. शेवंताबाई आल्या होत्या, वसतिगृहातलं काम उरकून, डब्यात काहीतरी घेऊन. त्या आता त्याच स्वयंपाकघरात चार बायकांच्या वर मुख्य आहेत. त्यांनी डबा खाली ठेवला, एकदा मेजरांकडे बघितलं, एकदा माझ्या हातातल्या पेल्याकडे, आणि त्यांना काही विचारावं लागलं नाही. त्या कॉटपाशी आल्या. कधीकाळी मोडलेलं ते मनगट वळवून त्यांनी हाताची पालथी बाजू आधी कॉटच्या लोखंडी कडेला टेकवली. मग माझ्या हातातल्या पेल्याला.

"काय न्हाई, मेजर," त्या म्हणाल्या. "लावा हात."

मेजरांनी डावा हात उचलला आणि पेला धरला.